सात वाजताच्या थेट तासाआधी: मंद इंटरनेटवर व्हिडिओ अडकू नये म्हणून करायची तयारी

सातारा जिल्ह्यातल्या पाटण किंवा जावळी तालुक्यातल्या गावी राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचा ऑनलाइन तास संध्याकाळी सात वाजता असेल, तर त्याची तयारी घरच्यांनी आदल्या दिवशीच सुरू करावी. रेकॉर्ड केलेला व्हिडिओ थांबला तर पुन्हा पाहता येतो, पण थेट तासात गणिताची एक पायरी निसटली की पुढची दहा मिनिटे समजत नाहीत, आणि शंका विचारण्याची वेळही निघून जाते.

सर्वप्रथम आदल्या संध्याकाळी, नेमक्या त्याच वेळी, इंटरनेटचा वेग मोजावा. दुपारी मिळणारा आकडा फसवा असतो, कारण संध्याकाळी गावातले सगळेच इंटरनेट वापरत असतात. वेग एकदा राउटरशेजारी (म्हणजे वायफाय देणाऱ्या पेटीशेजारी) आणि एकदा विद्यार्थी बसतो त्या खोलीत मोजावा. दोन्हीकडे तो सारखाच कमी असेल तर अडचण बाहेरून येणाऱ्या जोडणीत आहे. राउटरजवळ चांगला आणि खोलीत कमी असेल तर अडचण घरातच आहे. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या काळ्या दगडाच्या जाड भिंती वायफायचा जोर बराच खातात, त्यातून राउटर टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटाच्या आडोशाला ठेवलेला असतो. तो काढून मोकळ्या जागी, उंच फळीवर, विद्यार्थ्याच्या खोलीच्या दाराच्या रेषेत ठेवावा. राउटर दोन वायफाय नावे दाखवत असेल तर भिंतीआडच्या खोलीत २.४ गिगाहर्ट्झचे नाव निवडावे, कारण ५ गिगाहर्ट्झचा वेग जास्त असला तरी भिंत ओलांडताना तो लवकर क्षीण होतो. लॅपटॉप असेल आणि तो राउटरला थेट जोडणारी लांब तार, म्हणजे लॅन केबल, मिळत असेल, तर याहून चांगला उपाय नाही.

यानंतर चित्राचा दर्जा ठरवावा, आणि माझ्या मते हेच काम सर्वांत महत्त्वाचे आहे. दर्जा ‘पी’च्या आकड्याने सांगतात, आकडा मोठा तितके चित्र स्पष्ट; आणि इंटरनेटचा वेग एमबीपीएसमध्ये, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती येते यात मोजतात. यूट्यूबच्या शिफारशीनुसार १०८०पी साठी सुमारे ५ एमबीपीएस, ७२०पी साठी २.५, ४८०पी साठी १.१ आणि ३६०पी साठी ०.७ एमबीपीएस वेग सलग मिळावा लागतो. ‘सलग’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. मोजणीत ३ एमबीपीएस दिसले म्हणून ७२०पी लावू नये. वेग मधूनच खाली येतो आणि तेवढ्यात चित्र थांबते. मोजलेल्या वेगाच्या निम्म्यात बसेल तो दर्जा निवडावा, म्हणजे ३ एमबीपीएसच्या जोडणीवर ४८०पी. १०८०पी च्या एका चित्रात सुमारे २० लाख ७३ हजार ठिपके असतात, तर ४८०पी मध्ये सुमारे ४ लाख १० हजार, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. मोबाइलच्या पडद्यावर हा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात नेटवर्कवरचा ताण कमी करण्यासाठी देशातल्या मोठ्या व्हिडिओ सेवांनी मोबाइल नेटवर्कवर हीच ४८०पी ची मर्यादा स्वीकारली होती. अपवाद एकच: शिक्षक फळ्यावर बारीक अक्षरात समीकरणे किंवा नकाशे दाखवत असतील, तर अक्षर वाचता येईल इतपत दर्जा वाढवावा, आणि त्यासाठी लागणारा वेग घरातला इतर वापर थांबवून मिळवावा. इतिहास किंवा चालू घडामोडींच्या तासाला ३६०पी देखील पुरते.

हा दर्जा हाताने निवडावा. ‘ऑटो’वर ठेवल्यास ॲप वेगाचा अंदाज घेत दर्जा वरखाली करत राहते आणि वेग अचानक घसरला की अडकते. मोबाइलवर यूट्यूबमध्ये व्हिडिओवरच्या गिअरच्या चिन्हातून केलेली निवड फक्त त्या व्हिडिओपुरती असते. सेटिंग्जमधल्या व्हिडिओ दर्जाच्या पसंतीत वायफाय आणि मोबाइल नेटवर्क या दोन्हींसाठी कायमची पसंती वेगवेगळी नोंदवता येते, पण तिथे नेमका आकडा नव्हे, तर ‘डेटा सेव्हर’सारखा ढोबळ पर्याय मिळतो. जुने तास दीडपट वेगाने पाहण्याची सवय असलेल्यांनी हेही लक्षात ठेवावे की त्या वेळी दर सेकंदाला दीडपट माहिती खेचली जाते.

घरातल्या इतर उपकरणांकडे त्यानंतर पाहावे. सगळ्यांत जास्त वेग स्मार्ट टीव्ही खातो, कारण मोठ्या पडद्यासाठी तो मिळेल तेवढा वरचा दर्जा घेतो. आजोबांची मालिका त्याच वेळी असेल तर ती बंद करायला लावू नये. त्या व्हिडिओचा दर्जा ४८०पी करून द्यावा, तेवढ्याने दोन्ही चालतात. फोटोंचा बॅकअप आणि ॲपचे अपडेट सर्व फोनवर तासाभरासाठी थांबवावेत.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तास पाहायचा असेल तर डेटाचा हिशेब आधी करावा. वरच्या वेगांनुसार दोन तास चालणाऱ्या वर्गाला ७२०पी वर सुमारे सव्वादोन जीबी आणि ४८०पी वर सुमारे एक जीबी लागू शकतो. रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर ७२०पी चा दर्जा हा वर्ग संपण्याआधीच कोटा संपवेल, आणि त्यानंतर बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर (म्हणजे ०.०६४ एमबीपीएसवर) येतो, ज्यात व्हिडिओ चालणे शक्य नसते. डोंगराच्या आड असलेल्या घरात फोन कोणत्या खिडकीत ठेवल्यावर रेंज येते, हेही आदल्या दिवशी पाहून ठेवावे. पावसाळ्यात वीज जाते, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडावा.

तास यूट्यूबवर असेल तर सुरू झाल्यावर मिनिटभर पॉज करून मग पाहावा. तेवढ्या वेळात पुढचा भाग फोनमध्ये साठतो आणि छोटे खंड जाणवत नाहीत. मीट किंवा झूमवर ही सोय नसते, तिथे आपला कॅमेरा बंद ठेवावा. एवढे करूनही चित्र अडकू लागले तर दर्जा १४४पी पर्यंत खाली आणून आवाज चालू ठेवावा, कानाने ऐकत टिपणे घ्यावीत, आणि फळ्यावरच्या मजकुराचा फोटो वर्गातल्या मित्राकडे मागावा.