सायकलचा दिवा: लुमेनच्या आकड्याला भुलू नका

माझा पहिला दिवा १००० लुमेनचा होता आणि मला त्याचं भारी कौतुक. दुसऱ्याच संध्याकाळी समोरून येणाऱ्या सायकलवाल्याने डोळ्यांवर हात धरला आणि जाता जाता एक शिवी हासडली. चूक माझीच होती. टॉर्चसारखा गोल झोत, निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर.

तेव्हापासून मी आधी झोताचा आकार बघतो. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो नेमका कुठे पडतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जर्मनीत सायकलच्या दिव्याचा झोत कारच्या लो बीमसारखा वरून कापलेला लागतो. तसाच शोधा. ओळखायला सोपं आहे: अंधारात भिंतीपासून पाचेक मीटरवर सायकल उभी करून दिवा लावा. उजेडाची वरची कड सरळ रेघेसारखी आणि तिच्यावर काळोख दिसला की समजा जमलं. मग ती रेघ दिव्याच्या उंचीच्या जरा खाली येईल इतका दिवा झुकवा. असा झोत असेल तर खांबांच्या उजेडातल्या रस्त्यावर ३००-४०० लुमेन मला पुरतात. १००च्या आतले छोटे दिवे आपण इतरांना दिसावं यासाठी असतात, खड्डे दिसण्यासाठी नव्हेत.

खोक्यावर ठळक छापलेले बॅटरीचे तास बहुधा सगळ्यात मंद मोडचे असतात. तुम्ही रोज वापराल त्या मोडचे बघा, आणि रोजच्या जाण्यायेण्याला लागतो त्याच्या दुप्पट वेळ तरी दिवा चालला पाहिजे. माझ्यासारखे चार्जिंग विसरणारे असाल तर पुढच्या चाकाच्या मध्यभागी बसणारा, चाक फिरलं की दिव्याला वीज देणारा हब डायनॅमो आहेच. चाक नव्याने बांधावं लागतं, खर्चही होतो, पण कटकट कायमची मिटते.

पावसासाठी आयपीएक्स, म्हणजे पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा बघा. आयपीएक्स४ म्हणजे शिंतोड्यांपुरतं संरक्षण. आयपीएक्स७ असेल तर दिवा मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकायला हवा. अर्थात चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण नीट लावलं असेल तरच.

लुकलुकणारा मोड दिवसा ठीक. रात्री नको, समोरच्याला आपलं अंतर जोखता येत नाही.

राहिली पकड. रबरी पट्ट्याचा दिवा चटकन काढून खिशात टाकता येतो, पण पट्टा सैल पडला की प्रत्येक खड्ड्याला मान खाली घालतो. मी स्क्रूची पकड हँडलला कायमची बसवली आहे आणि दिवा तेवढा सरकवून काढतो.