व्हिया ॲपियाचा छेद: प्रदर्शनासाठी खऱ्या दगडांचं मॉडेल

व्हिया ॲपिया म्हणजे रोमहून दक्षिणेला जाणारा प्राचीन रस्ता. रोमन रस्त्याचं मॉडेल म्हटलं की थर्माकोलवर चार रंगांच्या पट्ट्या आणि शेजारी थरांची चार लॅटिन नावं, हे ठरलेलंच. ती नावं व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुकाराने इमारतीतल्या फरशीच्या पायासाठी लिहिली होती. सतराव्या शतकात निकोला बर्जिए या फ्रेंच लेखकाने ती रस्त्याला लावली आणि तेव्हापासून ती पुस्तकांतून निघायलाच तयार नाहीत. उत्खननात दिसणारे थर जमिनीप्रमाणे बदलतात आणि त्यांना जोडणारा चुना सहसा नसतो. त्यामुळे सिमेंट आणि प्लास्टर बाजूला ठेवा. गिट्टी, मुरूम आणि रेतीच लागते. नागपूरकरांना इथे एक फायदा आहे: रोमजवळ हा रस्ता ज्वालामुखीच्या काळ्या दगडाने फरसलेला आहे आणि आपल्याकडेही काळा बेसाल्टच मिळतो.

आधी साल ठरवा. ॲपियस क्लॉडियस या रोमन पुढाऱ्याने इ.स.पू. ३१२ मध्ये सेन्सॉर (जनगणना आणि सरकारी बांधकामं पाहणारा अधिकारी) असताना रोम ते कापुआ हा १३२ रोमन मैलांचा रस्ता काढला, तेव्हा वर खडीच होती. रोमबाहेरच्या मंगळाच्या देवळापासून बोव्हिले या गावापर्यंत काळा दगड इ.स.पू. २९३ च्या सुमारास बसला. फरशीचं मॉडेल करून खाली ‘इ.स.पू. ३१२’ लिहिलं तर जाणकार परीक्षक तिथेच बोट ठेवेल.

माप १:१० धरा. गाडीरस्ता १४ रोमन फूट, एक फूट २९.६ सेंमीचा, म्हणजे ४.१४ मीटर; मॉडेलमध्ये ४१.५ सेंमी. दोन्ही बाजूंना पायवाटेसाठी १०-१० सेंमी सोडा. ट्रे आतून ६२ × ३० सेंमी, उंची १६. तळाला १८ मिमी प्लाय, तीन बाजूंना १२ मिमी, समोर ५ मिमी ॲक्रिलिक. ३ मिमीचं घेतलं तर कुटताना पोट बाहेर येतं आणि थरांच्या रेषा वाकड्या दिसतात.

तळाला ३ सेंमी मुरूम, किंचित ओला करून लाकडी ठोकळ्याने कुटलेला. अंगणातली काळी माती फुकट मिळते म्हणून ती घालू नका: ओली असताना फुगते, सभागृहातल्या पंख्याखाली वाळून भेगाळते आणि वरचे दगड कलतात. त्यावर २० मिमी गिट्टी ३ सेंमी. १:१० च्या मापात हे वीतभर दगड झाले. मग ६ ते १० मिमीची बारीक गिट्टी मुरमात कालवून २ सेंमी. हा थर कंटाळवाणा वाटतो म्हणून गाळला जातो आणि सगळं बिघडतं ते त्यामुळेच. जाड गिट्टीवर थेट रेती टाकली की ती फटींतून खाली झिरपते आणि रात्रीतून फरशी बसते. हा थर नीट कुटून मग १ सेंमी रेती.

प्रत्येक थर कडेपेक्षा मध्ये साधारण ६ मिमी उंच ठेवा. उतार फक्त वरच्या रेतीत दिला तर ती मध्ये जाड आणि कडेला पातळ होते, आणि कडेचे दगड डुगडुगतात.

फरशीला ५ ते ८ सेंमी रुंद, ३ सेंमी जाड, एक तोंड सपाट असलेले सुमारे ३५ दगड बसतात. क्रशरवरून ६० तरी निवडून आणा. सपाट तोंड वर, निमुळतं खाली. आधी दोन्ही कडांच्या ओळी उभ्या दगडांनी घट्ट करा, मग कडेकडून मध्याकडे या. शेवटचा दगड थोडा मोठाच घ्या आणि रबरी हातोड्याने ठोकून बसवा. सगळ्यांना आवळून धरतो तो हाच. फटीत चिपा भरा, चुना नको. स्प्रेने पाणी मारा: ते दोन्ही कडांना गेलं पाहिजे, मध्ये डबकं दिसलं तर तो दगड उचलून खालची रेती नीट करा.

आता माहितीफलक. त्यावर ‘श्रीमंत घराण्याने रस्ता बांधला’ असं लिहू नका, पैसा सरकारी खजिन्यातला होता; सिनेटच्या ठरावाविना ॲपियसने तो उधळला, अशी तक्रार डिओडोरस या ग्रीक इतिहासकाराने नोंदवली आहे. जोडीदार सेन्सॉर गायस प्लॉटियस मुदत संपताच पायउतार झाला, ॲपियस खुर्ची सोडेना, आणि रस्ता व त्याच काळात काढलेली रोमची जलवाहिनी दोन्हींना नाव एकट्याचं लागलं. त्याची पदं इटलीतल्या अरेत्सो इथे सापडलेल्या त्याच्यावरच्या शिलालेखाप्रमाणे द्या: सेन्सॉर, दोनदा कॉन्सुल म्हणजे वर्षाचा सर्वोच्च अधिकारी (इ.स.पू. ३०७ आणि २९६), डिक्टेटर, तीनदा इंटररेक्स (हंगामी प्रमुख), दोनदा प्रीटर (न्यायाधिकारी), दोनदा क्युरूल ईडाइल (शहराची व्यवस्था पाहणारा), क्वेस्टर (खजिनदार), तीनदा लष्करी ट्रिब्यून (सैन्यातला अधिकारी). हा कालक्रम नाही. तो कॉन्सुल होण्याआधीच सेन्सॉर झाला, म्हणून पदांपुढे क्रमाने साल टाकत गेलात तर फसाल.

कडेला मैलाचा दगड हवाच. झिरो माइलच्या गावात तो विसरणं बरं दिसत नाही. त्यावर मात्र ॲपियसचं नाव घालू नका. रोमच्या दक्षिणेकडच्या पोन्तिने दलदलीतल्या मेसा इथल्या जुन्या दगडावर दोन ईडाइलांची नावं आहेत: ॲपियसचा मुलगा पब्लियस क्लॉडियस आणि गायस फ्युरियस. आकडेही दोन: ५३ हे रोमपासूनचे मैल, १० हे फोरम ॲपी या थांब्यापासूनचे. बापाने काढलेल्या रस्त्यावर मुलगा दुसऱ्या पदावरून काम करतो आहे, हे घराण्याच्या लांबलचक वंशावळीपेक्षा जास्त सांगतं.

भरलेला ट्रे ४० किलोच्या वर जातो. दोन्ही टोकांना मूठ लावा आणि दोघांनी उचला. गाडीच्या हादऱ्याने रेती बसते, त्यामुळे फरशी घरी पक्की करून नेऊ नका. प्रत्येक दगडाच्या पोटाला खडूने नंबर घाला, वरून फोटो काढा, दगड गोणीत भरून न्या आणि रेती पुन्हा सारखी करून जागेवरच बसवा.