धारेवर जायचं तर कुत्रे मधात

अजिंठ्याची रांग आमच्या बुलढाणा जिल्ह्यातून जाते. तिचा एक उघडा खडकाळ माथा आमच्या गावामागं आहे, गावात त्याला नुसतं 'धार' म्हणतात. दर हिवाळ्यात मी तिथं जातो. सोबत माझा वर्गमित्र आणि दोन कुत्रे, वाघ्या आणि चांदी. मित्रानं सातवीत शाळा सोडली, तेव्हापासून तो याच डोंगरात ढोरं चारतो. तुमच्याकडं असा माणूस नसेल तर आधी तो शोधा. सकाळी ढोरं निघायच्या वेळेला गावाच्या वेशीवर उभं राहिलं की भेटतो. त्या दिवशी त्याला ढोरं दुसऱ्याच्या हवाली करावी लागतात, म्हणून त्याचा रोज आठवणीनं द्या.

दिवस निवडायचा तो नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मधला. तांबडं फुटायच्या आत निघायचं आणि अकराच्या आत उतरणीला लागायचं. काळा पत्थर लवकर तापतो आणि कुत्र्याच्या पायात चप्पल नसते. हाताची मागची बाजू खडकावर टेकवून सात मोजा. तेवढा वेळ हात ठेववत नसेल तर तिथून कुत्र्याला नेऊ नका. एका कुत्र्यामागं एक लिटर पाणी आणि एक पसरट वाटी वेगळी घ्या. कुत्रं अडखळायला लागलं, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, की सावलीत बसवून पोट आणि पंजे भिजवायचे.

धारेला लागण्याआधी शेतं ओलांडावी लागतात. तिथं कुत्रे दाव्यालाच हवेत. रानडुकरं तुरीत, हरभऱ्यात शिरतात म्हणून कोणी कोणी तारेत करंट सोडतात, आणि अंधारात ती तार दिसत नाही. वनरक्षकाला भेटून अभयारण्याची हद्द कुठून लागते तेही विचारून घ्या. हद्दीच्या आत कुत्रं न्यायचंच नाही. आपल्या कुत्र्यांचे रोग रानातल्या जनावरांना लागतात. रेबीजची लस दरवर्षी दिलेली असावी.

आता चालायची रीत. मित्र पुढे, कुत्रे मधात, मी मागे. पहिल्या वर्षी मी वाघ्याला मोकळा पुढे पळू दिला, तर मित्र जागच्या जागी थांबला. म्हणाला, "कुत्रं पुढं गेलं तं अस्वलाले भुकते, अन् अस्वल मागं लागलं का पळत आपल्याचकडं येते. मंग तू कुठं जाशील?" त्यानं मला एक वारूळ दाखवलं. एका बाजूनं खणलेलं, आतली माती अजून ओली, आणि जवळच्या विष्ठेत बोराच्या बिया. ओली माती म्हणजे जनावर रात्रीच येऊन गेलेलं. त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. तो 'परत फिरू' म्हणाला की परतायचं, वाद घालायचा नाही.

चढ मुरमाड आहे. मुरमावर टाच आधी टेकवली की पाय घसरतो, म्हणून पाऊल आडवं आणि सपाट टाकायचं. सुटा गोटा दिसला तर त्यावर भार द्यायचा नाही, त्याच्याखाली हातही घालायचा नाही. घोणस आणि फुरसं दोन्ही दगडांच्या सांदीत असतात. धार अरुंद झाली की दावं सोडायचं. हाताला गुंडाळलेल्या दाव्याला कुत्र्यानं एक हिसका दिला तर दोघंही खाली जातात. तेवढ्या पट्ट्यात मित्र हळू आवाजात "ए चांदे, ए चांदे" करत राहतो आणि ती त्याच्या पिंढरीला लागून चालते. कड्याला आग्यामोहोळ असेल तर बिडी पेटवायची नाही, अत्तर लावून यायचं नाही, आणि बोलणं बंद.

अर्ध्या चढावर दोन काळ्या थरांच्या मधात गेरूसारखा तांबडा पट्टा दिसतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा थराथरानं पसरला. एक थर निवून त्याचा वरचा भाग कुजला, मग त्यावर दुसरा आला, तोच हा पट्टा. हे मी वाचलेलं. मित्राला त्याच पट्ट्याचं दुसरं माहीत आहे: पाणी वरच्या थराच्या भेगांतून खाली येतं आणि तिथं अडून बाहेर झिरपतं. त्याचा झिरा त्या पट्ट्यालाच आहे, जानेवारीतही ओंजळभर पाणी मिळतं. कुत्र्यांना तो बरोबर तिथंच थांबवतो. गारगोट्याही तिथंच चमकतात. बघा, हात लावा, पण फोडून नेऊ नका.

माथ्यावर बसून भाकर खायची. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. कुत्र्यांचा तुकडा आधीच बाजूला काढून ठेवा, कांदा त्यांच्यासाठी विषच आहे. तिथं मित्र एकदा दोन्हीकडं हात करून म्हणाला, "इकडं पडलेलं पाणी जळगावकडं जाते, तिकडचं चांद्याकडं." चांदा म्हणजे चंद्रपूर. खरंच आहे ते. उत्तरेचं पाणी पूर्णेतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राला मिळतं. दक्षिणेचं पैनगंगेतून वर्धेला, पुढं प्राणहितेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. शाळेत मी जलविभाजक हा शब्द पाठ केला होता, पण त्यावर बसून भाकर खातोय हे त्यानं सांगितल्यावर कळलं.

उतरल्यावर घरी जायची घाई करू नका. कुसळी गवताचं कुसळ टोकाला काटेरी असतं आणि ओल लागली की पीळ घेत आत शिरतं. मागच्या डिसेंबरात मी थकलो होतो, चांदीला नुसतं झटकून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ती पुढचा उजवा पाय चाटत बसली, दोन बोटांच्या मधात बोराएवढी गाठ. मित्रानं तिला मांडीवर उताणं घेतलं, अंगठ्यानं बोटं फाकवली, कोमट पाण्यानं केस भिजवले. तेव्हा आत काळं टोक दिसलं. चिमट्यानं सरळ, सावकाश ओढलं तर नखाएवढं कुसळ निघालं. म्हणून चिमटा झोळीत ठेवा, आणि झाडाखाली बसून प्रत्येक बोटाची सांद, कानाचा आतला भाग, काख आणि शेपटीखालची जागा बघा. गोचीडही तिथंच सापडतात. टोक दिसत नसेल तर कोरत बसू नका, त्याच दिवशी ढोरांचा दवाखाना गाठा.