डाग न धरणारी पँट आणि मिसळीची तर्री

नारायण पेठेत माझं लाँड्रीचं दुकान आहे. रविवारी मिसळ खाऊन आलेली मंडळी सोमवारी पँट घेऊन दारात! परवा एक आजोबा म्हणाले, "डाग धरत नाही म्हणून घेतली, आणि हे बघा!"

मी आधी पाण्याचा थेंब टाकून बघतो. मोत्यासारखा घरंगळला तर फिनिश शाबूत. पसरला तर ते दबलंय किंवा झिजलंय. हे फिनिश म्हणजे धाग्यावरचा अगदी पातळ थर, बरेचदा फ्लोरीनयुक्त रसायनाचा. त्यातलं पीएफओए नावाचं रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेलं. फ्लोरीनशिवायची फिनिशं आता मिळतात, पण ती पाणी अडवतात आणि तेलापुढे हात टेकतात. म्हणजे तर्रीपुढेच.

तर्री सांडली की घासू नका, तेल धाग्यात शिरतं. टिश्यूने टिपून घ्या. घरी भांड्यांच्या लिक्विडचा थेंब लावून १० मिनिटं ठेवा. कपड्याच्या साबणाने हळद लाल होते, घाबरू नका. खळबळून उन्हात टाका, उडते.

फॅब्रिक कंडिशनर अजिबात नको. त्याचा थर बसला की थेंब घरंगळत नाही. साबण उरला तरी तेच, म्हणून मी दोनदा खळबळतो. ब्लीचही नकोच.

वाळल्यावर लेबल बघून, वर सुती कापड ठेवून मध्यम इस्त्री. उष्णतेने दबलेलं फिनिश पुन्हा कामाला लागतं. आजोबांच्या पँटवर थेंब परत घरंगळला. ते म्हणाले, "एवढं सोपंय, तर पैसे कसले घेता?"