कूलंट कमी झालं की पाणी ओतून मोकळे होता? या चुका टाळा

"लेव्हल जरा खाली गेलीये, थोडं पाणी टाकलं तर चालेल ना?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे, की मुळात कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव, गेलं कुठे? आजच्या गाड्यांची कूलिंग सिस्टिम सीलबंद असते, प्रेशरखाली चालते, त्यातलं कूलंट रोजच्या वापरात संपत नाही. वर्षभरात किंचित उतरलं तर समजू शकतो, पण दर महिन्याला टाकीवरच्या मिनच्या (MIN, किमान पातळीच्या) रेघेखाली जात असेल तर गळती आहे, बाहेर नाहीतर आत, आणि ती न शोधता भरत राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक.

माझ्या एका मित्राच्या गाडीत नेमकं हेच झालं. गाडीखाली एक थेंब दिसत नव्हता म्हणून तो निर्धास्त होता, नळाचं पाणी बाटलीत भरून डिकीत ठेवलेलं आणि लेव्हल उतरली की ओतायचा. मी बोनेट उघडून पाहिलं तर थर्मोस्टॅटजवळ (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारा वॉल्व्ह) जिथे रबरी होज पाइप बसतो तिथे गुलाबीसर पांढरी पापडी धरलेली. कूलंट गरम इंजिनवर झिरपून तिथेच वाळत होतं, जमिनीवर काय पडणार? क्लिप आणि पाइप बदल, एवढंच काम होतं. त्याने "बघू पुढच्या सर्व्हिसिंगला" म्हटलं. पुढे एका लांब चढावर गाडी तापली. त्याचं म्हणणं, तापमानाचा काटा शेवटपर्यंत मधे होता आणि एकदम लालमध्ये गेला. तो खरंच सांगत होता, कारण बऱ्याच गाड्यांमध्ये काटा साधारण 80 पासून 110 अंशांपर्यंत मुद्दाम मधेच धरून ठेवलेला असतो, आणि कूलंट फारच कमी झालं तर सेन्सर द्रवात बुडलेलाच राहत नाही, मग तो खरं तापमान दाखवणार कसा. हेड (इंजिनचा वरचा भाग) वाकलं, त्याखालचं गास्केट (सील) उडालं, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ कॉफीच्या रंगाचा चिकट थर, म्हणजे कूलंट ऑइलमध्ये मिसळलं होतं. हेड उतरवल्यावर आत तपकिरी गाळ निघाला तो वेगळाच, सततच्या साध्या पाण्याने गंजरोधक पातळ होत गेलं होतं आणि क्षार साचले होते. एका क्लिपपायी इंजिन अर्धं उघडावं लागलं. अशा वेळी खूप वाईट वाटतं, कारण ते पाच मिनिटं नीट बघून टळणारं असतं.

म्हणून माझी सवय सांगतो. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर लेव्हल बघायची. कूलंटच्या जुन्या टाकीच्या प्लास्टिकवर आतून डागाची रेघ पडते आणि लोक तिलाच लेव्हल समजतात, तर टाकीच्या मागून टॉर्च मारायचा आणि गाडी थोडी हलवायची, खरी पातळी असेल तर ती हलते. मग होजचे जोड, रेडिएटरच्या कडा, वॉटर पंपाच्या आसपास वाळलेले डाग आहेत का ते पाहायचं. बाहेर काहीच नाही, तरी लेव्हल उतरतेय, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येतोय किंवा केबिनमध्ये गोडसर वास येतोय, तर थेट मेकॅनिककडे जाऊन प्रेशर टेस्ट (सिस्टिममध्ये दाब भरून गळती शोधणं) करून घ्या.

दुसरी चूक म्हणजे रंग बघून कूलंट घेणं. हिरव्यात हिरवं, गुलाबीत गुलाबी, झालं. अहो, रंग हा फक्त डाय आहे, त्याचं जगभर चालणारं एक ठरलेलं स्टँडर्ड नाही. आतलं रसायन महत्त्वाचं. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असतात, नवीनमध्ये सेंद्रिय आम्लं, काहींमध्ये दोन्हींचं मिश्रण. चुकीची जोडी जमली तर गंजरोधक लवकर संपतं आणि कधी कधी जेलीसारखा गाळ होऊन हीटरच्या बारीक नळ्या बंद होतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं स्पेसिफिकेशन डब्यावर शब्दशः आहे का तेवढंच बघा. आत काय भरलंय तेच माहीत नसेल तर सरळ सगळं काढून, फ्लश करून (आतून धुऊन) नवीन भरा.

इंजिन गरम असताना कूलंटच्या टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडू नका. निम्मं कूलंट निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर 107 अंशांच्या आसपास उकळतं, झाकणाच्या प्रेशरमुळे तेच सव्वाशेच्या पुढे जातं. झाकण सैल केलं की प्रेशर जातं आणि सगळं एका क्षणात उकळून तोंडावर येतं. घाई करणाऱ्यांना मी इथे अजिबात सूट देत नाही. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं कूलंट, नुसतं भरू नका, जास्त घट्ट म्हणजे जास्त थंड असं नसतं, उलट उष्णता वाहून न्यायला पाणीच चांगलं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धंअर्धं करा, नाहीतर तयार मिश्रण घ्या. लीक बंद करणारी पावडर तर मला बघवत नाही, ती भोक बुजवते तशी रेडिएटरही बुजवते.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाडीत इन्व्हर्टर, बॅटरीच्या कूलंटची टाकी वेगळी असू शकते, तिथे अंदाजाने काहीही ओतू नका.

काढलेलं कूलंट गटारात किंवा अंगणात सोडू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात. डब्यात भरून गॅरेजमध्ये द्या.

आणि नवीन भरल्यावर लगेच लांब जाऊ नका. आत हवा अडकलेली असते, मॅन्युअलमध्ये हवा काढायची जी पद्धत दिलीये तीच वापरा, काही गाड्यांना व्हॅक्यूमने भरावं लागतं, तिथे गॅरेजच बरं. हीटर फुल गरमवर ठेवून रेडिएटरचा फॅन लागेपर्यंत इंजिन चालू ठेवा, केबिनमध्ये गरम हवा येत नसेल तर सिस्टिममध्ये हवा अजून अडकलेली आहे. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर लेव्हल परत बघा, बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते, तेवढं त्याच मिश्रणाने भरा.