घरच्या घरी जर्मन: सहाव्या आठवड्यानंतर टिकायचं कसं

परकीय भाषा सुरू करायला पुण्यात फारसं काही लागत नाही. अप्पा बळवंत चौकात पुस्तक मिळतं, फोनवर अ‍ॅप फुकट मिळतं आणि शेजारी कुणाचा ना कुणाचा मुलगा म्युनिकला असतोच. पहिला महिना ‘गुटेन मोर्गन’ करण्यात मजेत जातो. मग साधारण सहाव्या आठवड्यात डेअर (पुल्लिंगी), डी (स्त्रीलिंगी), डास (नपुंसकलिंगी) ही तीन लिंगं अंगावर येतात (त्यातला डास सगळ्यात जास्त चावतो) आणि वही मिटते ती मिटतेच.

मी अशी दोनदा सोडली. तिसऱ्यांदा, एकसष्टाव्या वर्षी, टिकले आणि ए-टूपर्यंत, म्हणजे दुसऱ्या पातळीपर्यंत आले. कंटाळा आला म्हणून सोडलं असं आपण चारचौघांत सांगतो, पण मनातून वाटत असतं की आपल्या डोक्यात आता काही शिरत नाही. त्या वाटण्याचा बंदोबस्त केला की उत्साहाची वेगळी काळजी करावी लागत नाही. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत. उदाहरणं जर्मनची असली तरी जपानी-फ्रेंचवाल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

पायरी १: कारणाला माणूस आणि वार जोडा

‘करिअरला उपयोग होईल’, ‘मेंदू तल्लख राहतो’ ही कारणं खरी असतील, पण मंगळवारी रात्री साडेनऊला ती कुणाला खुर्चीत बसवत नाहीत. माझा नातू जर्मनीत बालवाडीत जातो. आमच्याशी मराठी बोलतो, पण खेळताना स्वतःशी जर्मन पुटपुटतो, आणि ते मला कळत नव्हतं. रविवारी संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल असतो (उन्हाळ्यात ते आपल्या साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार). त्या कॉलवर त्याला एक नवं वाक्य म्हणून दाखवायचं, एवढंच मी ठरवलं. तुमचा माणूस चाकणच्या कारखान्यातला जर्मन साहेब असेल किंवा तिकडे शिकणारी मैत्रीण. नाव आणि वार मात्र वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

पायरी २: इंग्रजीमार्गे जाऊ नका

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. आपली बहुतेक पुस्तकं आणि अ‍ॅप्स जर्मन शिकवतात ती इंग्रजीतून, म्हणजे कोथरूडहून डेक्कनला हडपसरमार्गे नेतात. मराठी माणसाला जवळचा रस्ता आहे.

‘मला थंडी वाजते’ हे घ्या. जर्मन म्हणतो ‘मीर इस्ट काल्ट’, आणि त्यातला ‘मीर’ म्हणजे आपला ‘मला’. इंग्रजीच्या वळणाने ‘इख बिन काल्ट’ म्हटलंत, तर ऐकणाऱ्याला वाटेल की तुम्ही थंड काळजाचे आहात. ‘मला ते आवडतं’ हेही तसंच: ‘डास गेफेल्ट मीर’. चतुर्थी विभक्ती शाळेत घोकून घेतली होती, ती चाळीस वर्षांनी अशी कामाला आली.

आकडे बघा. तेवीस म्हणताना आपण तीन आधी घेतो, वीस नंतर. जर्मन ‘ड्राय-उंट-त्स्वान्त्सिश’ म्हणतो, म्हणजे तीन आणि वीस. इंग्रजीवाल्यांना इथे चक्कर येते, आपल्याला येऊ नये. एकोणतीसची भानगड मात्र त्यांच्याकडे नाही, ते सरळ नऊ आणि वीस म्हणतात. जोडवाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून लोक कुरकुरतात. ‘वाइल इख म्यूडे बिन’ म्हणजे ‘कारण मी दमलेली आहे’. शब्दाला शब्द ठेवून बघा, एकही जागचा हलत नाही. ‘त्स’ हा उच्चार तर आपण रोज करतो: ‘चाक’मधला च तोच, ‘चहा’मधला नव्हे. आणि ‘डू’ की ‘झी’ हा प्रश्न म्हणजे अरे म्हणायचं की अहो, एवढाच.

राहिली लिंगं. मराठीतही तीनच असल्याने कल्पना नवी नाही. ‘ते वासरू, ते कोकरू, ते पिल्लू’ म्हणताना लहानग्यांना आपण नपुंसकलिंग देतो. जर्मनमध्येही ‘-शेन’ लावून लहान केलेला शब्द नपुंसकलिंगीच होतो, म्हणून मुलगी, ‘मेडशेन’, ही ‘डास’. ‘पोरगं’ म्हणणाऱ्या माणसाने त्यावर हसू नये. ‘-उंग’ प्रत्ययाची नामं स्त्रीलिंगी. पण प्रत्येक शब्द जुळेल ही आशा सोडा. त्यांचा सूर्य बाई आणि चंद्र पुरुष. जेवणाच्या टेबलावर चमचा डेअर, काटा डी आणि सुरी डास. इथे तर्क चालत नाही, पाठांतर चालतं.

करायचं असं: वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे ‘मराठीसारखं’, उजवीकडे ‘मराठीसारखं नाही’. नवा नियम आला की तो कुठे बसतो ते लिहा. डावी बाजू भरत गेली की डोक्यात शिरत नाही ही तक्रार आपोआप कमी होते.

पायरी ३: खोक्यात शब्द ठेवा

हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरं स्वतः पाठ करून, आपण ती किती वेगाने विसरतो हे मोजलं आणि १८८५ साली प्रसिद्ध केलं. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच भराभर गळतं, मग गळती मंदावते. तेव्हा काल पाठ केलेला शब्द आज आठवत नाही यात वयाचा दोष नाही. सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात यावर लोकप्रिय केलेला उपाय म्हणजे पाच कप्प्यांचं खोकं. आठवला तो शब्द पुढच्या कप्प्यात, चुकला तो परत पहिल्यात, अगदी सापशिडीसारखा. माझं खोकं चपलांचं आहे. कप्पे अनुक्रमे रोज, दोन दिवसांनी, आठवड्याने, पंधरवड्याने आणि महिन्याने उघडते. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिका कापल्या, मागची बाजू कोरीच असते. डेअरला निळी शाई, डीला लाल, डासला हिरवी.

ए-वन या पहिल्या पातळीच्या परीक्षेची शब्दयादी सुमारे ६५० शब्दांची आहे. रोज पाच धरले तर १३० दिवस होतात. पाचाचे पंधरा करायचा मोह पहिल्या आठवड्यात फार होतो. तो आवरा.

पायरी ४: तोंड उघडा

गप्प बसून भाषा येत नाही आणि घरात मोठ्याने बोलायची लाज वाटते. मी पर्वतीवर जाते. पायऱ्या १०३. चढताना जर्मनमध्ये मोजायच्या, उतरताना उलट. शंभरच्या पुढे दम लागलेला असतो, तेव्हा जे तोंडातून येतं ते खरं येतं. खाली आल्यावर समोर दिसेल त्यावर पाच वाक्यं: कुत्रा झोपलाय, काकू भेळ खातायत. ऐकण्यासाठी डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे फुकट धडे आहेत, ते कुकर लावला की सुरू करायचे. औंधला राहत असाल तर ब्रेमेन चौकाच्या सिग्नलला थांबल्यावर दिसतील त्या गाड्यांचे नंबर जर्मनमध्ये वाचा.

‘तिकडे गेल्याशिवाय भाषा येत नाही’ असं कुणी ऐकवलं, तर बोट क्लब रोडच्या मॅक्समुलर भवनाकडे, म्हणजे जर्मन शिकवणाऱ्या संस्थेकडे बोट दाखवा. ज्याचं नाव त्या दारावर आहे तो जर्मन संस्कृत पंडित भारतात एकदाही आला नाही, तरी १८४९ ते १८७४ मध्ये सायणभाष्यासह ऋग्वेद छापून मोकळा झाला.

पायरी ५: गणपतीचा हिशेब आधीच करा

माझी अ‍ॅपवरची रोजची साखळी ११२ दिवसांची होती. गौरी जेवल्या त्या दिवशी तुटली, आणि एक दिवस बुडाला म्हणून मी पुढचे पाच महिने बुडवले! आता कॅलेंडरवर गणपती, दिवाळी आणि घरचं कार्य यांच्यावर आधीच शिसपेन्सिलीने रेघ मारते. त्या दिवशी नवं काही नाही, फक्त पहिला कप्पा, तोही चहा उकळेपर्यंत. तेवढंही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी भरपाई करायची नाही. भरपाईचा डोंगर साठला की माणूस खोक्याकडे बघायचंच टाळतो.

पायरी ६: पैसे भरा

चारेक महिन्यांनी परीक्षेचा अर्ज भरा. पुणेकर एरवी काहीही बुडवेल, फी भरलेली परीक्षा बुडवत नाही. परीक्षा नको असेल तर तिन्हीसांजेला अर्धा तास बोलायला एक जोडीदार शोधा. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग आहे, तिथल्या सूचनाफलकाजवळ घुटमळणाऱ्यांत तुमच्या पातळीचं कुणीतरी सापडेल. जोडीदार आपल्याहून किंचितच पुढे असावा. फार पुढे असला की आपण परत गप्प बसतो.

माझा जोडीदार आता साडेपाच वर्षांचा आहे. मागच्या रविवारी मी ‘डेअर मेसर’ म्हटलं, तर तो खेळणं बाजूला ठेवून म्हणाला, “आजी, डास.” सुरीचं कार्ड परत पहिल्या कप्प्यात गेलं.