गोव्यात निवृत्तीचं घर घेताय? या चुका टाळा

डिसेंबरात चार दिवस यायचं, मिरामारला वारा खायचा, सॅम्पल फ्लॅट बघायचा आणि जाताजाता टोकन देऊन मोकळं व्हायचं. मुंबई-पुण्याच्या निवृत्त मंडळींचं हे मी वर्षानुवर्षं बघतेय. एफडीच्या पाव टक्क्यासाठी तीन बँका फिरणारी माणसं आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार असा उरकतात, याचा मला खरोखर त्रास होतो.

महिन्याचा खर्च न विचारणं

फ्लॅट केवढ्याला, हे सगळे विचारतात. जेवण आणि सेवांचे महिन्याला किती, ते दरवर्षी किती वाढणार आणि वाढ ठरवणार कोण, हे विचारणारा विरळाच.

माझी ठाण्याची मावसबहीण आणि भाऊजी यांनी बार्देशातल्या निवृत्तांच्या एका संकुलात घर घेतलं. घासाघीस करून किंमत चार लाखांनी उतरवली, म्हणून दोघं खूश. माहितीपत्रकात 'सर्व सुविधांसह' असं छापलेलं, दोघांचे महिन्याला २८,००० ठरलेले. दुसऱ्या वर्षी सेवा पुरवणारी कंपनी बदलली. संध्याकाळचा चहा-नाश्ता बिलात वेगळा दिसू लागला, कपडे धुणं किलोवर गेलं. त्यातच भाऊजींचं खुब्याचं हाड मोडलं. जेवणघरापर्यंत जाणं बंद झालं, तर खोलीत ताट पोहोचवायचे खेपेला ४० रुपये, म्हणजे दोन वेळचे महिन्याला २,४००. रात्रीच्या आयाचे पैसे निराळे. बिल ४७,००० च्या वर गेलं. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, पॉलिसी बदलली." फाइल उघडली तेव्हा कळलं की विक्रीकरार बिल्डरशी होता आणि सेवाकरार दुसऱ्याच कंपनीशी, तोही तीन वर्षांचाच. दरवाढीबद्दल त्यात 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढेच दोन शब्द.

केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. बिल्डर, सेवा देणारी संस्था आणि घर घेणारा अशा तिघांचा एकत्र करार असावा, असं त्यात सांगितलंय. तो मागा. 'आमच्याकडे तशी पद्धत नाही' म्हणाले तर मी तिथून उठते.

माझी सवय अशी: मॅनेजरसमोर बसून कोऱ्या कागदावर एकेक बाब लिहून घ्यायची. जेवण, वीज, नर्स, कपडे, गाडी, अंथरुणाला खिळल्यावरची काळजी. दोघांपैकी एकच मागे राहिलं तर शुल्क किती कमी होतं, हेही लिहायचं. ते निम्मं होतं असं समजू नका. रक्कम जीएसटी धरून की वगळून? सोसायटीच्या वर्गणीला दरमहा ७,५०० पर्यंत जी सूट आहे, ती खासगी कंपनीच्या बिलाला नाही. मग तिथेच राहणाऱ्या एखाद्या आजींकडे बसून त्यांचं गेल्या महिन्याचं बिल बघायचं. आजी हौसेनं दाखवतात, आणि खरा आकडा तिथेच कळतो.

पुढचा हिशेबही करा. आजचे ३०,००० दरसाल ८ टक्क्यांनी वाढले, तर दहा वर्षांनी ६५,००० च्या घरात जातात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत कमाल ३० लाख ठेवता येतात. ८.२ टक्क्यांनी त्याचे महिन्याला २०,५०० पडतात, आणि ते वाढत नाहीत.

पाऊस न बघता घर घेणं

जुलैत या. गोव्याचा पाऊस वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. डिसेंबरात फोटो काढायला छान वाटणाऱ्या चिऱ्याच्या पायवाटेवर तेव्हा शेवाळ धरलेलं असतं आणि काठी सटकते. झाडाची फांदी तारांवर पडली की वीज तासन्‌तास येत नाही. जनरेटर आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. लिफ्ट त्यावर चालते का, घरातला पंखा आणि बाथरूमचा दिवा चालतो का, हे मेन स्विच पाडायला लावून बघा. विक्रीवाले कंटाळतात. कंटाळू देत.

पेडण्याच्या बाजूला घर स्वस्त पडतं, पण बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं सरकारी रुग्णालय, तिथून किती वेळात येतं, ते संध्याकाळच्या गर्दीत पर्वरीतून स्वतः गाडीने जाऊन बघा. नकाशावरचे किलोमीटर धरू नका. 'डॉक्टर ऑन कॉल' म्हणजे बहुतेक वेळा फक्त फोन नंबर असतो. रात्री दोन वाजता आवारात प्रत्यक्ष कोण असतं, ते विचारा. १०८ ची रुग्णवाहिका सगळ्यांनाच मिळते, तिचे तुम्ही जादा पैसे कशाला द्यायचे?

तरणतलावाला भुलणं

बाथरूम बघा. कमोडवर बसून, भिंतीतली दांडी धरून उठता येतं का? दार आत उघडतं की बाहेर? आत उघडणारं दार पडलेल्या माणसाच्या अंगावर अडतं. व्हीलचेअरसाठी दार ९० सेंटिमीटर हवं. रॅम्प एक फूट चढायला बारा फूट लांब हवा. त्याहून उभा असेल तर तो नुसता दाखवायला आहे.

कागद

गोवा रेराच्या (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी तपासा. नोंदणीकृत विक्रीकरार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त पैसे मागणं रेरात बसत नाही. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकीची नोंद), सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) आणि ऑक्युपन्सी सर्टिफिकेट आपल्या वकिलाला दाखवा, बिल्डरच्या नव्हे. इथल्या नागरी संहितेमुळे जमीनमालकाच्या पत्नीची सहीही लागते.

आरोग्य विमा सोडून देणं

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेसाठी गोव्यात पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. तोवर जुनी पॉलिसी चालू ठेवा.

नंतरचा विचार न करणं

अशा संकुलांत बऱ्याचदा वयाची अट असते, म्हणजे मुलाला वारशाने घर मिळेल, पण राहता येईलच असं नाही. विकायचं तर घेणाराही त्याच वयाचा हवा, शिवाय हस्तांतर शुल्क. विक्रीला वर्ष-दीड वर्ष लागलं तर बंद घराचं सेवाशुल्क पूर्ण भरायचं की सवलतीनं, आणि संकुलाकडे भरलेली ठेव किती दिवसांत परत, हे दोन्ही सही करण्याआधी करारात लिहून घ्या.